दोन मतदारसंघ, दोन आडनावं

माझं माहेर दौंडचं. म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघ. सध्या राहते ती जागा जपानमधल्या योकोसुका शहरात, म्हणजे कानागावा 11 हा संसदीय मतदारसंघ. एका आडनावाच्या मुलखातून निघाले आणि दुसऱ्या आडनावाच्या मुलखात येऊन स्थिरावले. 2009 च्या मे महिन्यात शरद पवारांनी बारामती सोडून माढा घेतला आणि सुप्रिया सुळे पहिल्यांदा लोकसभेवर निवडून गेल्या. त्याच वर्षी 30 ऑगस्टला माजी पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी रिकाम्या केलेल्या जागेवरून त्यांचा दुसरा मुलगा शिंजिरो पहिल्यांदा इथल्या प्रतिनिधीगृहात गेला. दोघंही अजून तिथेच आहेत.

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक आली की घराणेशाहीवरून जुंपते. मावसभाऊ पवारविरोधक, धाकटे काका कट्टर साहेबवाले. दोघांचं भांडण टिपेला पोचलं की एकजण हमखास माझ्याकडे वळतो: "ताई, तुमच्या जपानमध्ये असलं काही नसेल ना?" त्याला बुलेट ट्रेन, रांगा आणि चूक झाली की राजीनामा देणारे मंत्री आठवत असतात. मी आजवर दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेत आले. ते उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून हे जरा लांबलचक.

कानागावा 11 म्हणजे योकोसुका आणि मिउरा ही दोन शहरं. टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पाचं टोक. योकोसुकात अमेरिकन आरमाराचा मोठा तळ आहे, जपानच्या सागरी दलाचाही आहे. मिउरात ट्यूना मासे आणि पांढरे मुळे. (योकोसुकाची आणखी एक ख्याती म्हणजे 'नौदलाची करी'. भात आणि पिठाळ पिवळी करी. इथले लोक मला ती कौतुकाने खिलवतात आणि "तुमच्याकडचीच ना?" असं विचारतात. मी मान डोलावते.) 1996 मध्ये एका जागेचे मतदारसंघ सुरू झाले, तेव्हापासून इथून कोइझुमी सोडून कोणीही निवडून आलेलं नाही. आधी बाप, मग मुलगा.

पण गोष्ट 1996 पासून सुरू होत नाही. ती मताजिरो कोइझुमींपासून सुरू होते, 1908 पासून. अंगभर गोंदवून घेतलेला हा माणूस बंदरात मजूर पुरवणाऱ्या घरातला, सर्व पुरुषांना मताधिकार मिळावा म्हणून चळवळ करणारा. 1929 मध्ये तो टपाल आणि दळणवळण मंत्री झाला आणि लोक त्याला 'गोंदणवाला मंत्री' म्हणू लागले. त्याच्या पक्षाच्या कार्यालयात कागोशिमाहून आलेला जुनया नावाचा गरीब घरचा मुलगा काम करायचा. मताजिरोच्या मुलीचं आणि त्याचं जमलं. बापाचा विरोध, म्हणून दोघं पळून गेले. शेवटी बाप म्हणाला, आधी खासदार होऊन दाखव. जुनया 1937 मध्ये झालाही, पण आपल्या मूळ गावच्या कागोशिमातून. युद्धानंतर त्याच्यावर सार्वजनिक पदांची बंदी आली, ती उठल्यावर तो सासऱ्याच्या मतदारसंघात आला, पुढे संरक्षण खात्याचा प्रमुखही झाला. म्हणजे चार पिढ्यांच्या या प्रसिद्ध घराण्यातली दुसरी पिढी घरजावयाची आहे.

1969 मध्ये जुनया वारले. मुलगा जुनिचिरो तेव्हा लंडनला शिकत होता. तो परत आला, वडिलांच्या जागी उभा राहिला, वय सत्तावीस. आणि पडला. सुमारे चार हजार मतांनी.

ग्रुपवरच्या वादात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही हार. त्याच निवडणुकीत इचिरो ओझावा नावाचा दुसरा सत्तावीस वर्षांचा वारस वडिलांच्या जागेवरून आरामात निवडून आला होता, म्हणजे सहानुभूतीची लाट वगैरे होती. मग कोइझुमी का पडले? तेव्हा एका मतदारसंघातून तीन, चार, पाच खासदार निवडले जायचे आणि मतदाराला मत मात्र एकच. मोठ्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे एकाहून जास्त उमेदवार एकाच मतदारसंघात एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. कानागावा 2 या तेव्हाच्या मतदारसंघात योकोसुकाचेच सेइइची तागावा होते, पत्रकारितेतून आलेले, त्याच पक्षाचे. पुढे 1976 मध्ये पक्ष सोडून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नवा पक्ष काढला. समाजवादी होते, कम्युनिस्ट होते. आडनाव घेऊन आलेल्या पोराला आपल्याच पक्षाच्या माणसाशी झुंजावं लागायचं. जुनिचिरो हरल्यावर पक्षाचे बडे नेते (आणि पुढे पंतप्रधान) ताकेओ फुकुदा यांच्याकडे सचिव म्हणून राहिला. पहाटे योकोसुकाहून निघून टोकियोला त्यांच्या घरी, रात्री परत. 1972 मध्ये निवडून आला, आणि मग 2009 पर्यंत हटला नाही.

ती जुनी पद्धत काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. एकाच पक्षाचे उमेदवार समोरासमोर असल्यामुळे पक्षाच्या नावावर मत मागून उपयोग नसायचा. मग ज्याचं-त्याचं स्वतंत्र मंडळ आणि ते पोसायला पैसा. पैशाचे घोटाळे इतके झाले की 1994 मध्ये ती मोडीत काढून एका जागेचे मतदारसंघ आणि जोडीला पक्षनिहाय यादी अशी नवी पद्धत आणली गेली. आता धोरणांवर निवडणुका होतील, दोन पक्ष आलटून पालटून येतील, असं त्या वेळच्या सुधारकांचं म्हणणं. काही ठिकाणी झालंही. योकोसुकात मात्र उलट झालं: पक्षातला प्रतिस्पर्धी नाहीसा झाला आणि कोइझुमींना मोकळं रान मिळालं. आपल्याकडे 'एक देश, एक निवडणूक' असो की आणखी काही, नियम बदलला की राजकारण सुधारेल असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला कानागावा 11 आठवतो.

आता 2009. जुनिचिरो 2001 ते 2006 पंतप्रधान होते आणि ज्या टपाल खात्याचे आजोबा मंत्री होते त्याच खात्याचं खासगीकरण करण्यासाठी त्यांनी 2005 मध्ये संसद विसर्जित करून निवडणूक जिंकली होती. स्वतःच्याच पक्षातल्या विरोधकांची तिकिटं कापून त्यांच्यासमोर नवे उमेदवार उभे केले होते. जुन्या पक्षाला मोडीन म्हणणारा हा माणूस सप्टेंबर 2008 मध्ये निवृत्ती जाहीर करताना मुलाला पुढे करतो आणि बापाची वेडी माया समजून सांभाळून घ्या म्हणतो, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनीही भुवया उंचावल्या होत्या. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने तर वारसाला त्याच मतदारसंघातून तिकीट नाही असा नियमच केला. लिबरल डेमोक्रॅट म्हणाले, आम्हीही करू, पण पुढच्या निवडणुकीपासून. ते 'पुढच्या' पुढे हवेत विरलं.

शिंजिरोसमोर डेमोक्रॅटिक पक्षाने उभा केला काट्सुहितो योकोकुमे. ट्रकचालकाचा मुलगा, टोकियो विद्यापीठातून शिकलेला वकील, वय सत्तावीस, टीव्हीवरच्या एका कार्यक्रमामुळे चेहरा ओळखीचा. चित्रपटातल्यासारखा सामना. देशभर डेमोक्रॅटिक पक्षाची लाट होती, 480 पैकी 308 जागा त्यांना मिळाल्या, कानागावातल्या बहुतेक जागा त्यांच्याकडे गेल्या. मतदारसंघात हरलेल्या उमेदवाराचं नाव पक्षाच्या यादीतही असेल तर तो तिथून संसदेत जाऊ शकतो, पण शिंजिरोने यादीत नावच दिलं नव्हतं. हरला असता तर घरीच. तो 57 टक्के मतं घेऊन जिंकला. योकोकुमे यादीतून संसदेत पोचला.

खरी गोष्ट त्यानंतरची. योकोकुमे दोन वर्षांत पक्षातून बाहेर पडला आणि 2012 ची निवडणूक त्याने योकोसुकात लढवलीच नाही. तो टोकियोच्या 18 व्या मतदारसंघात गेला, माजी पंतप्रधान नाओतो कान यांच्यासमोर, आणि हरला. इकडे 2012 मध्ये शिंजिरोला जवळपास 80 टक्के मतं पडली, 2014 मध्ये 83. आणि 2014 मध्ये, पुन्हा 2021 मध्ये, समोर होता फक्त कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार. बाकी कोणीच नाही.

हे कागदावर वाचून कळत नाही. इथे निवडणूक लागली की नगरपालिका चौकाचौकात फळे उभे करते, त्यावर आखलेले आणि क्रमांक टाकलेले चौकोन असतात, प्रत्येक उमेदवाराने आपल्या क्रमांकात पोस्टर लावायचं. भिंती रंगवणं नाही, फ्लेक्स नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छांची कमान नाही. योकोसुकातल्या ओप्पामाच्या आमच्या स्टेशनाजवळच्या फळ्यावर 2021 मध्ये दोन पोस्टरं होती आणि उरलेले चौकोन शेवटपर्यंत कोरे होते. बारा दिवसांच्या प्रचारात शिंजिरो मतदारसंघात जवळजवळ नसतोच, तो देशभर दुसऱ्यांसाठी सभा घेत फिरतो. त्याच्या नावाची गाडी फिरते, पांढरे हातमोजे घातलेल्या बायका खिडकीतून हात हलवतात, लाउडस्पीकरवर आडनाव ऐकू येतं. मतदानाच्या रात्री आठला मतदान संपतं आणि आठच्या ठोक्याला, एकही मतपत्रिका मोजण्याआधी, टीव्हीवर त्याच्या नावापुढे 'विजयी' लागतं.

मी ज्यांच्याकडून भाजी निवडायला शिकले त्या शेजारच्या आजी जुनिचिरोंच्या समर्थक मंडळात होत्या. 'कोएनकाई' म्हणतात त्याला. पक्षाची शाखा नाही ती, माणसाची असते. नवीन वर्षाचं स्नेहसंमेलन, बसने संसद बघायची सहल, बायकांचा वेगळा विभाग. आजींना विचारलं, मुलाला मत का देता? त्या म्हणाल्या, "वडिलांच्या वेळेपासून काम आम्हीच बघतो, आता कुठे सोडणार?" 'ते आमचं काम बघतात' असं त्या म्हणाल्या नाहीत. मंडळ त्यांचं, बारसं-बारावं त्यांचं, ओळखीपाळखी त्यांच्या. खासदार निवृत्त झाला तर एवढी माणसं उद्या करणार काय? मुलगा उभा राहिला की हे सगळं जसंच्या तसं चालू राहतं. पैशाचंही तसंच: राजकीय संघटनेकडून राजकीय संघटनेकडे निधी गेला तर त्यावर वारसा कर लागत नाही, हे इथे घर-जमिनीवर लागणारा जबर वारसा कर भरलेल्या माणसाला सांगून बघा, कसा चेहरा करतो ते.

माझ्या माहेरी साखर कारखाना, दूध संघ, शिक्षण संस्था, बँक. इथे तेवढं थेट काही नाही. तरी आजींचं बोलणं ऐकताना मला आमचे काका आठवतात, जे साहेबांबद्दल बोलताना अर्धा वेळ स्वतःबद्दलच बोलत असतात.

एका बाबतीत मात्र मी मावसभावाच्या बाजूची आहे, जपान खरोखर कडक आहे. मतदारसंघातल्या माणसाला खासदाराने काहीही द्यायचं नाही, असा कायदा. लग्नात किंवा अंत्यविधीला स्वतः गेला तर रिवाजाप्रमाणे पाकीट देऊ शकतो. सचिवाच्या हातून पाठवलं की गुन्हा. 2019 मध्ये इस्शू सुगावारा या अर्थ-उद्योग मंत्र्याला नेमकं यावरून, सचिवाने अंत्यविधीत पाकीट दिलं म्हणून, दीड महिन्यात जावं लागलं. 2014 मध्ये मिदोरी मात्सुशिमा या कायदामंत्र्यांनी जत्रेत कागदी पंखे वाटले म्हणून राजीनामा दिला. कागदी पंखे! आमच्याकडे भिंतीवरची घड्याळं, साड्या, कुकर, शिर्डीच्या फुकट सहली यांचा हिशेब कोण ठेवतो? पण मावसभावाने पुढचंही वाचावं. मात्सुशिमांच्याच दिवशी युको ओबुची यांनीही मंत्रिपद सोडलं, समर्थक मंडळाच्या नाटक-सहलींच्या हिशेबात गोंधळ निघाला म्हणून. माजी पंतप्रधानांची कन्या, वडील गेल्यावर 2000 मध्ये सव्विसाव्या वर्षी गुन्मा 5 मधून निवडून आलेली. राजीनाम्यानंतर दोन महिन्यांत निवडणूक झाली. ती दणक्यात जिंकली. राजीनामा टोकियोत दिला जातो, जागा गुन्मात असते.

मतपत्रिकेचं एक सांगून टाकते, कारण डिसेंबर 2024 मध्ये माळशिरसच्या मारकडवाडीने स्वतःच कागदावर फेरमतदान घ्यायचं ठरवलं तेव्हापासून ग्रुपवर "जपानसारखा देशसुद्धा कागदावर मत देतो" हा मेसेज दर महिन्याला येतो. खरं आहे. इथे मतदार उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहितो. यंत्रं त्यांनीही करून पाहिली. 2003 मध्ये गिफू प्रांतातल्या कानी शहरात ती बिघडली आणि न्यायालयाने सबंध निवडणूक रद्द केली, त्यानंतर हौस जवळपास संपली. पण कागद आला म्हणजे घोळ संपला असं नाही. 2021 मध्ये दोन पक्षांनी एकच संक्षिप्त नाव लावलं होतं, लोकांनी तेच लिहिलं, आणि ती लाखो मतं दोघांत प्रमाणात वाटून टाकावी लागली. साताऱ्यात 2024 ला तुतारीसारख्या दिसणाऱ्या चिन्हावर एका अपक्षाला सदतीस हजार मतं गेली आणि शशिकांत शिंदे बत्तीस हजारांनी पडले, त्याच जातीचा हा घोटाळा. शिवाय हाताने नाव लिहायचं तर ओळखीचं, सोपं, तीन पिढ्यांनी ऐकलेलं आडनावच पेन्सिलीतून आधी उतरतं. कागदाचा फायदा शेवटी कोणाला, याचा विचार मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी केलेला नसतो.

तर मूळ मुद्दा. घराणेशाहीवर आमच्याकडे बोलणं होतं ते नेहमी घराण्याबद्दल. ते किती गर्विष्ठ, किती कर्तबगार, मुलगा लायक की नालायक. शिंजिरोबद्दलही इथे तेच. देखणा आहे, बोलतो छान, पण बोलण्यात काही नसतं अशी थट्टा चालते. पक्षाध्यक्षपदासाठी तो 2024 मध्ये हरला, 2025 मध्येही साने ताकाइची यांनी त्याला हरवलं, ज्यांच्या घरात कोणी राजकारणी नव्हतं. पक्षात आडनाव हरू शकतं. मग योकोसुकात का हरत नाही? माझं उत्तर असं की जिंकणाऱ्याकडे बघून ते कळणारच नाही, हरणाऱ्याकडे बघावं लागतं. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे असतो?

टोकियोच्या 8 व्या मतदारसंघात, सुगिनामीत, नोबुतेरू इशिहारा होते. शिंतारो इशिहारा या टोकियोच्या दांडग्या (इथे राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो) राज्यपालाचा मुलगा, मंत्रिपदं भोगलेला, दहा वेळा निवडून आलेला. 2017 मध्ये त्यांच्यासमोर हारुमी योशिदा उभ्या राहिल्या आणि हरल्या. पण त्या कुठे गेल्या नाहीत. चार वर्षं तिथेच, स्टेशनांबाहेर, मोहल्ल्यांत. 2021 ला दुसऱ्या पक्षाचा एक लोकप्रिय नेता, तारो यामामोतो, ऐनवेळी म्हणाला की विरोधकांतर्फे इथून मीच लढतो, तेव्हा सुगिनामीचे लोक रस्त्यावर आले: आमची उमेदवार ठरलेली आहे. यामामोतोला माघार घ्यावी लागली. योशिदा जिंकल्या आणि इशिहारांना यादीतूनही संसद दिसली नाही. 2024 मध्ये योशिदा पुन्हा आल्या. हे घराणं कोणत्या कायद्याने पाडलं नाही.

याला पैसा लागतोच. इथे प्रतिनिधीगृहासाठी अनामत 30 लाख येन आहे, रुपयात सतराएक लाख. दहावा हिस्सा मतं न पडली तर जप्त. आपल्या लोकसभेला 25 हजार रुपये. कोणी नोकरी सोडून उभं राहायचं, हरायचं आणि चार वर्षं त्याच स्टेशनावर थांबायचं? म्हणूनच प्रांतिक विधानसभांच्या सुमारे पाव जागा 2023 मध्ये बिनविरोध गेल्या. तिथे त्याला लोकशाहीची दुखरी नस म्हणतात. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की पेढे, आमदार वर बक्षीस निधी जाहीर करतो, आणि उमराणे-खोंडामळीसारखा सरपंचपदाचा लिलाव उघडा पडून निवडणूक आयोगाने निवडणूक रद्द केली की तेवढ्यापुरती हळहळ.

आता बारामती घ्या. 2009 ला सुप्रियाताईंसमोर भाजपच्या कांता नलावडे, हरल्या. 2014 ला महादेव जानकर, आणि ते फक्त सुमारे सत्तर हजारांनी हरले. बारामतीत सत्तर हजार म्हणजे घाम फुटायची वेळ होती. कमळावर लढले असते तर आलेच असते असं आमच्या दौंडात अजून पैजेवर सांगतात. मग जानकर मंत्री झाले आणि बारामतीकडे लढायला फिरकले नाहीत. 2024 ला ते परभणीतून लढले. योकोकुमेची आठवण होते ती इथे. 2019 ला कांचन कुल, आमच्या दौंडच्या आमदारांच्या पत्नी, म्हणजे पवारांच्या घराण्यासमोर कुलांचं घराणं. सुमारे दीड लाखांनी हार. आणि 2024 ला तर बाहेरचं कोणी मिळालंच नाही, लोकसभेला नणंद-भावजय आणि पाठोपाठ विधानसभेला काका-पुतण्या. मावसभाऊ याला घराणेशाहीचा कळस म्हणतो, काका म्हणतात की निदान लोकांना निवड तरी मिळाली. काकांचं म्हणणं मी पूर्वी उडवून लावायचे, हल्ली तितकं उडवत नाही. जुन्या कानागावा 2 मध्ये जसं एकाच पक्षातले दोघं भिडायचे, तसं ते होतं; आणि त्या प्रकारच्या लढतीतच एकदा एक कोइझुमी पडला होता. पण एकाच घरातल्या दोघांतून निवडायचं, तर घराबाहेरच्या माणसाने त्यात कुठून शिरायचं?

चार निवडणुका, चार वेगळे विरोधक. एकानेही तोच मतदारसंघ दुसऱ्यांदा लढवला नाही. पक्षांनाही ते नको असतं. मोठ्या घराण्यासमोर दर वेळी ताजा बकरा दिला की आपल्याच पक्षात तिथे कोणी मोठं होत नाही, आणि निकालानंतर समझोत्याची दारं उघडी राहतात. घराणं टिकवायला घराण्याइतकाच विरोधी पक्षांचाही हातभार लागतो, योकोसुकात काय आणि बारामतीत काय.

ओप्पामाचा निस्सानचा कारखाना 2027-28 च्या आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत गाडी-उत्पादन बंद करणार असं कंपनीने 2025 च्या जुलैत जाहीर केलं. शहराची लोकसंख्या केव्हाच चार लाखांखाली गेली आहे. माझ्या नवऱ्याच्या कंपनीसारख्या सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांत काय वातावरण आहे ते सांगायला नको. असल्या वेळी खासदाराला जाब विचारणारा, गेल्या खेपेला हरलेला, आकडे पाठ असलेला एक माणूस गावात असायला हवा होता, जो स्टेशनाबाहेर उभा राहून "तेव्हाच मी म्हणालो होतो" असं म्हणू शकला असता. मला इथे मत नाही, आणि दौंडचं मत द्यायचं तर नियमाप्रमाणे मतदानाच्या दिवशी दौंडला हजर असावं लागतं. तेव्हा मावसभावाला विचारायचंय ते एवढंच: दादा, 2029 ला तू ज्याला मत देणार आहेस, तो माणूस आज बारामती मतदारसंघात कुठल्या गावात आहे?